ऊसतोडीची टोळी निघायच्या आत उरकलेली लग्नं: ही प्रथा नाही, मुलींवरची हिंसा आहे

माळरान (धागा)

बालविवाहाचा विषय निघाला की ‘प्रथा’, ‘अज्ञान’ आणि ‘जनजागृती’ हे शब्द ठरलेले असतात. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, वरचे वर्ग घेते. कायदा ठाऊक नव्हता म्हणून पोरीचं लग्न लावलं, असं एकही घर मला आजवर भेटलेलं नाही. मुलीचं १८, मुलाचं २१, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी लग्न लागतं. ते का लागतं याचा हिशोब नीट मांडावा म्हणून हा धागा काढतेय.

ऊसतोडीत मजूर सुटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाचा अर्धा कोयता आणि उचलही अर्धी. घरात विशीतला मुलगा असेल तर टोळी निघायच्या आत त्याचं लग्न झालं की पुरी उचल हातात पडते. ज्या घरात मुलगी आहे तिथला हिशोब वेगळा. आई-बाप पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची की उसाच्या फडावर न्यायची? तिथल्या कोपीला, म्हणजे पाल्याच्या झोपडीला, दार नसतं, संडास-न्हाणीचं नाव नसतं. आई पहाटे अंधारात तोडीला गेली की पोर दिवसभर एकटी. कुणी हात लावला तर सांगायचं कुणाला? मुकादमाला? त्याच्याकडूनच तर उचल घेतलेली असते. मग बापाला वाटतं, उजवून टाकली की आपण सुटलो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या बायका मोजल्या, त्यांतल्या १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाल्या. परभणीत ४८ टक्के, आमच्या बीडमध्ये जवळपास ४४. एकाच राज्यात एवढी तफावत असेल तर ती नुसत्या प्रथेची कशी असेल? जिथून टोळ्या उठतात त्या तालुक्यांचा नकाशा समोर ठेवून बघा.

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी. घरात साखरपुडा आहे म्हणून दोन दिवसांची रजा मागितली. साखरपुड्याला कुणी अडवत नाही, म्हणून निरोप साखरपुड्याचाच धाडतात. शेतातल्या आखाड्यावर (गोठ्याजवळच्या जागेत) पंचवीस-तीस माणसांत लग्नच लागलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, पत्रिका नाही. दुपारी हळद लावली आणि घटकाभरात साबणाने खसाखसा धुऊन काढली, कुणी फोन केलाच तर येणाऱ्या पोलिसांना पिवळे हात दिसू नयेत म्हणून. हे मला तिनेच नंतर सांगितलं. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन गेला, माणसंही आली, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. दोन्ही बापांकडून हमीपत्र लिहून घेतलं: मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत सासरी नांदायला पाठवणार नाही. दसरा झाला, टोळी निघाली आणि ती नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेली. हमीपत्र फायलीत राहिलं. हजेरीपटावर मी ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला. तसाच मारावा लागतो.

या मुलीचं शिक्षण गेलं, हे सगळे म्हणतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. १५ व्या वर्षी तिला एका माणसाच्या हवाली केलं, तिच्या शरीरावर त्याचा हक्क मानला, तिच्या श्रमाची उचल दुसऱ्यांनी घेतली, आणि या सगळ्यात तिला एका शब्दानेही विचारलं नाही. हे अनोळखी माणसाने केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? घरच्यांनी वाजतगाजत, किंवा न वाजवता केलं, म्हणून ती हिंसा राहत नाही का?

---

पाटोदेकर

ताई, शब्द न् शब्द खरा आहे. माझे वडील पंधरा वर्षं टोळी घेऊन जात होते, म्हणून सांगतो. उचल म्हणजे पगार नाही, कर्ज आहे. एका हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. मुकादमाच्या डोक्यावर कारखान्याचा आकडा असतो, इतके कोयते आण म्हणून. कोयता मोडला म्हणजे जोडीतलं एक माणूस आजारी पडलं किंवा पळालं, की सगळ्यांचीच ओढाताण. म्हणून जोडी पाहिजे. जोडीतल्या बाईचं वय किती, हे आमच्या घरी कुणी कधी विचारलं नाही. कारखान्यानंही नाही.

पण एक सांगतो, राग मानू नका. माझ्या बहिणीचं १५ व्या वर्षी लग्न केलं. आई रडत होती आणि तीच पोरीला चोळी-बांगडी भरत होती. माझ्या आईला तुरुंगात टाकून काय मिळालं असतं? शेजारच्या वस्तीवर एका मुलीवर अतिप्रसंग झाला होता, त्या वर्षी आमच्या गावात दहा लग्नं लागली. आईबापांनी दुसरं काय करायचं, हे कुणी सांगतच नाही.

---

निळीशाई

पाटोदेकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आईबापांनी नाही, सरकारने द्यायचं आहे. म्हणूनच याला मानवी हक्काचा प्रश्न म्हणायचं. नुसता गुन्हा म्हटलं की बाप गुन्हेगार आणि विषय संपला. हक्क म्हटलं की विचारता येतं: ही मुलगी सुरक्षित राहील अशी जागा गावात का नव्हती? हंगामात वसतिगृह का उघडलं नव्हतं? फडावर दाराची खोली का नव्हती?

---

सिडनीकर

दोन्ही बाजू वाचल्या. मी मूळचा लातूरचा, बरीच वर्षं बाहेर आहे. प्रामाणिक शंका विचारतो. मानवी हक्क म्हणजे सरकारने नागरिकावर अत्याचार करू नये, तुरुंगात छळ करू नये, अशी माझी समजूत. इथे तर सगळं घरात, नात्यात घडतंय. मग हा मानवी हक्कांचा भंग कसा?

---

निळीशाई

सिडनीकर, जगातल्या बायकांची लढाई कितीतरी वर्षं याच मुद्द्यावर अडली होती. घरातली मारहाण, हुंडा, लहानपणीचं लग्न या ‘खासगी’ गोष्टी, त्यात राज्याचा संबंध नाही, असं धरत असत. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९७९ चा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीडॉ’ म्हणतात. मूळ करारात हिंसेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९२ मध्ये त्या कराराच्या समितीने १९ वी शिफारस काढली आणि स्पष्ट केलं की स्त्री असल्यामुळे होणारी हिंसा हाच भेदभाव आहे. ती नवऱ्याने केली, बापाने केली, तरी सरकारने ती रोखायला, तपास करायला, शिक्षा द्यायला पुरेशी तत्परता दाखवली नसेल तर जबाबदारी सरकारचीही. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक परिषदेत स्त्रिया आणि मुलींचे हक्क हे मानवी हक्कांचाच अविभाज्य भाग आहेत असं मान्य झालं.

भारताने हा करार १९९३ मध्ये मंजूर केला. बालविवाहाला कायदेशीर मान्यता देऊ नका आणि विवाहनोंदणी सक्तीची करा, असं त्याच्या १६ व्या कलमात आहे. तिथे आपण सही करताना लिहून दिलं की नोंदणीचं तत्त्व मान्य, पण इतक्या मोठ्या, इतक्या चालीरीतींच्या देशात ते व्यवहार्य नाही. माळरानताईंच्या आखाड्यावरच्या लग्नाची नोंद कुठेच नाही, म्हणून ते कागदावर घडलेलंच नाही. तिथे घडलं काहीच नाही, आणि मुलगी मात्र ट्रॅक्टरवर.

आणि ही गोष्ट बाहेरून आलेली मानू नका. मुंबईच्या रखमाबाईचं ११ व्या वर्षी लग्न झालं होतं. मोठेपणी तिने नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला, पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं. माझ्या अजाण वयात, माझ्या संमतीवाचून झालेलं लग्न मला बांधील नाही, एवढाच तिचा मुद्दा. पुढे नवऱ्याशी पैशांवर तडजोड झाली, ती विलायतेहून डॉक्टर होऊन आली आणि सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले. १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला त्यामागे तिच्या खटल्याने उठलेलं वादळ होतं. तेव्हाही आपल्याकडच्या मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांनी ‘आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नका’ म्हणूनच विरोध केला.

---

गावगाडा

मी ग्रामसेवक आहे. जिल्हा लिहीत नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात नेमलेला माणूस म्हणजे मीच, आणि मदतीला अंगणवाडी सेविका. लग्न थांबवलं नाही तर वरून नोटीस, थांबवलं तर गावात राहणं मुश्कील. एकदा मांडवातून लग्न थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून पाणीपट्टीची वसुली बंद पडली, ग्रामसभेत कुणी फिरकेना, माझ्या मोटारसायकलचे टायर फाडले. अंगणवाडीच्या ताईंना तर भावकीत बोलावणं बंद झालं. त्यांना मिळतं ते मानधन, पगारसुद्धा नाही. त्यांच्या रक्षणाची तजवीज काय? त्यांनी फोन केला हे तासाभरात सगळ्या गावाला कळतं.

---

निळीशाई

गावगाडा, तुम्ही लिहिलंत ते वाचून भंवरी देवी आठवल्या. राजस्थानातलं भटेरी गाव. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या साथिन होत्या, म्हणजे तुमच्या अंगणवाडीताईंसारख्याच मानधनावरच्या. १९९२ मध्ये गावातल्या एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. त्यांच्या प्रकरणातून संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक सूचना आल्या, त्याही सीडॉ कराराचा आधार घेऊन. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लैंगिक छळाविरुद्धची समिती असते, तिचं मूळ या बाईच्या अंगावर आहे. समिती ऑफिसांना मिळाली. गावात लग्न थांबवायला जाणारी बाई मात्र आजही एकटीच जाते.

---

दवाखाना

ग्रामीण रुग्णालयात आहे. दोन गोष्टी सांगते, कारण धाग्यात लग्नापर्यंतच बोलणं झालंय. त्यानंतरचं आम्ही बघतो.

पोरीचं वय विचारलं की सासू ‘एकोणीस’ सांगते, तेही विचारायच्या आधीच. अंगठ्याएवढा चेहरा, मनगटं काडीसारखी, हिमोग्लोबिन सात. वय १८ च्या आत आहे असं कळलं की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं मला बंधनकारक. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १८ खालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, लग्न झालेलं असलं तरी. कायदा योग्य आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण हे घरच्यांना कळलंय, म्हणून काही जणी तपासणीलाच येत नाहीत. थेट बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर येतात, किंवा येतच नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत सांगितलं की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे माझ्याच खात्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट गर्भपिशवीची. १५ व्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी, आणि पुन्हा मोळी डोक्यावर. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून जातं. एक दिवस कामाला गेली नाही की खाडा, त्याचा दंड. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. बीडमध्ये ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बायका. हाडं दुखतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, म्हणून माझ्याकडे येतात आणि तरी कोयता हातात असतो. लग्नाचं वय आणि ही पिशवी वेगवेगळे विषय मानणं मला जमत नाही.

---

पाटोदेकर

माझ्या बहिणीची पिशवी तिसाव्या वर्षी काढली. डॉक्टरीणबाई, एवढंच सांगायचं होतं.

---

कोर्टातली

धागा वाचतेय. वकिली करते, मराठवाड्यातच. गावगाडा आणि माळरानताईंना उपयोगाचं लिहिते.

लग्न लागायच्या आधी कळलं तर नुसतं मांडवात जाऊन अडवू नका. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाईहुकूम घ्या. हा अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, संस्था करू शकते, आणि कोर्टाला माहिती मिळाली तर ते स्वतःहूनही हुकूम काढू शकतं. फरक मोठा आहे. साधा बालविवाह आपोआप रद्द ठरत नाही, पण मनाईहुकूम असताना लावलेलं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच रद्द. हमीपत्राला हे बळ नाही. हमीपत्र म्हणजे बापाने दिलेला शब्द. तो मोडल्यावर काय करायचं, ते त्या कागदात कुठेही लिहिलेलं नसतं. आणि गावगाडा, हुकूम कोर्टाचा आला की गावाचा राग एकट्या ग्रामसेवकावर राहत नाही.

पाटोदेकर, आईचं विचारलंत. कलम ११ मध्ये लग्न लावणाऱ्या पालकांना शिक्षा आहे, पण बाईला कैदेची शिक्षा देता येत नाही असं त्याच कलमात लिहिलंय. लहान मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा भटजी किंवा काझी, हे सगळे कायद्यात येतात. मुकादमही यायला हवा असं माझं मत. उचल देताना जोडीतल्या मुलीचं वय १८ च्या आत आहे हे माहीत असून लग्नाला उत्तेजन दिलं असेल तर तो त्यातला भागीदार आहे. पण मुकादमावर असा गुन्हा दाखल झालेला मी माझ्या कोर्टात पाहिलेला नाही. तक्रारच तशी लिहिली जात नाही.

---

माळरान

कोर्टातली, मनाईहुकुमाचं तालुक्याच्या पुढच्या बैठकीत मांडते. दुसरं सरकारने द्यायचं ते वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं ठरलेली, एकेकाची क्षमता १०० ची. आमच्या आसपासच्या शाळांच्या एका केंद्रातच टोळीला जाणाऱ्या घरांतल्या मुली शंभराच्या वर भरतील. आणि वसतिगृह दिवाळीनंतर सुरू होऊन चालत नाही. टोळी दसऱ्याला उठते. मधल्या पंधरा-वीस दिवसांतच घरात ठरतं, पोर शाळेत राहणार की बोहल्यावर चढणार. माझ्या वर्गात ज्या मुलींना दसऱ्याच्या आधी राहायची जागा मिळाली, त्यांच्यातल्या एकीचंही त्या वर्षी लग्न लागलं नाही. आईबापच सोडायला आले, गाठोडं घेऊन, आणि दहादा विचारून गेले की रात्री बाई राहतात ना.

---

सिडनीकर

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. माझ्या आजोळच्या गावातून टोळ्या जातात. वसतिगृहाचं तिथल्या पंचायत समितीत विचारायला भावाला सांगतो.

---

रानजाई

सगळं वाचून धीर करून लिहितेय. माझ्या चुलत बहिणीचं १५ पूर्ण असताना लग्न झालं. नवरा दारू पितो, मारतो. एक मूल आहे दीड वर्षाचं. ती आता माहेरी आलीय आणि परत जायचं नाही म्हणते. घरचे म्हणतात, लग्न झालंय, मूल झालंय, आता काय होणार. तिला पुढच्या चार महिन्यांनी २० पूर्ण होतील. तिच्यासाठी काही आहे का?

---

कोर्टातली

रानजाई, आहे. आणि चार महिने आहेत म्हणून उद्यापासूनच लागा. कलम ३ खाली ती स्वतः लग्न रद्द करून मागू शकते, पण १८ पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत. म्हणजे विसाव्या वाढदिवसाच्या आधी अर्ज दाखल व्हायलाच हवा. नंतर हा रस्ता बंद, मग नेहमीचा घटस्फोट. मूल झालंय म्हणून अडत नाही. मूल कायद्याने औरसच धरतात, ताबा आणि पोटगीचा हुकूम त्याच कोर्टात मागता येतो. तिच्यासाठीही दुसरं लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते. मारहाणीसाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वेगळा अर्ज करता येईल. फी भरायची नाही. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे जा.

वयाचा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार कार्डावर विसंबू नका, लग्नाआधी त्यावर तारीख बदललेली असू शकते. लग्नाचा फोटो, पत्रिका, मोबाइलवरचा व्हिडिओ, काहीही असेल ते जपून ठेवा, आणि सासरच्यांच्या फोनवरच्या धमक्याही.

---

रानजाई

दाखला सासरी आहे. तो मागायला गेलं तर देणार नाहीत. आणि शाळा सोडून पाच वर्षं झाली.

---

माळरान

दाखला सासरी राहू दे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख कायम असते, तिथून दुय्यम दाखला किंवा उतारा मिळतो. तिने स्वतः मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करायचा, सोबत कोणत्या साली कोणत्या वर्गात होती ते लिहायचं. शाळा आमच्या जिल्ह्यातली असेल तर मी बरोबर येते. नाव-गाव इथे लिहू नका, व्यनि (खासगी निरोप) केलाय तो बघा.